जनुकीय कात्री त्वचेत शिरणार कशी?

त्वचा हा शरीराचा सगळ्यात हाताशी असलेला अवयव. तेव्हा तिच्यातलं जनुक दुरुस्त करायला मलम चोळलं की झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण परक्याला आत येऊ न देणं हेच तर त्वचेचं काम! मृत पेशींचा सगळ्यात वरचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा. तरी साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) मोठा रेणू तो सहसा आत घेत नाही. क्रिस्पर या जनुक-दुरुस्तीच्या तंत्राची कात्री, म्हणजे कॅस-9 हे प्रथिन, 1,60,000 डाल्टनच्या घरातलं.

बरं, नुसतं शिरूनही भागत नाही. वरच्या पेशी महिना-दीड महिन्यात झडतात आणि दुरुस्तीही त्यांच्याबरोबर जाते. टिकाऊ बदल हवा तर बाह्यत्वचेच्या तळाच्या मूलपेशीच गाठायला हव्यात.

डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलिसिस बुलोसा या आजारात त्वचेचे थर एकमेकांना बांधून ठेवणारं सातव्या प्रकारचं कोलॅजन सदोष असतं किंवा नसतंच. कपडा घासला तरी फोड येतात. या कोलॅजनच्या जनुकाचा संदेश सुमारे 9,000 अक्षरांचा, आणि जनुकोपचारातला लाडका एएव्ही विषाणू वाहून नेतो जेमतेम 4,700. म्हणून 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ‘व्हायज्युवेक’ जेलमध्ये ऐसपैस हर्पिस विषाणू वापरला आहे. जखमेवर सेंटिमीटरभर अंतराने थेंब ठेवायचे, वर पट्टी, दर आठवड्याला. इथे जखमेनेच वाट मोकळी केलेली असते. मात्र हे जनुकाचं संपादन, म्हणजे दुरुस्ती, नव्हे. मूळ चूक तशीच राहते, फक्त जनुकाची जादा प्रत मिळते.

खऱ्या दुरुस्तीसाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो पेशी बाहेर काढण्याचा मार्ग. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना क्षणभर विजेचा झटका दिला की पटलाला छिद्रं पडतात, कॅस-9 आत जातं आणि एक-दोन दिवसांत नष्टही होतं. हे बरंच, कारण कात्री जितकी रेंगाळेल तितकी भलतीकडे काप जाण्याची भीती. अशी वाढवलेली त्वचा अंगावर रुजते हे 2017 मध्ये दिसलं: जर्मनीतल्या बोखुममध्ये, एपिडर्मोलिसिस बुलोसाच्याच दुसऱ्या प्रकाराने ग्रासलेल्या मुलाची सुमारे 80 टक्के बाह्यत्वचा बदलली गेली. तिथेही जनुक विषाणूनेच घातलं होतं. इटलीतल्या मोडेनाच्या गटाने.

मेदाचे नॅनोकण आणि सूक्ष्म सुया यांवरही काम चालू आहे. पण सुई टोचते तेवढ्याच जागेपुरती, आणि या रुग्णांना फोड तोंडात, अन्ननलिकेतही येतात. तिथे कलम लावायचं कसं?