पोलंडच्या स्त्रिया युद्धात फक्त जखमा बांधत होत्या?

'दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या स्त्रिया फक्त परिचारिका होत्या, सैनिक नव्हत्या' असा मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. तो सहज पटतो. परिचारिका खरोखरच खूप होत्या. शिवाय कोल्हापूरजवळ वळिवड्याला जे पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बायका-मुलंच जास्त. त्यामुळे आपल्या मनात पोलिश स्त्रीचं तेच चित्र राहिलं असावं.

चूक आहे ती 'फक्त' या शब्दात. १९३८ च्या पोलिश लष्करी कायद्यातच स्त्रियांच्या साहाय्यक सेवेची तरतूद होती. देश शत्रूच्या ताब्यात गेल्यावर गुप्तपणे लढणाऱ्या भूमिगत सेनेत स्त्रियांनी रीतसर शपथ घेतली. त्यांनी निरोप आणि शस्त्रं पोचवली, काहींनी सुरुंगही लावले. १९४४ मध्ये राजधानी वॉर्सात जर्मन सैन्याविरुद्ध झालेल्या उठावात तर गटारांच्या अंधाऱ्या बोगद्यांतून निरोप नेणाऱ्या मुली होत्या. हे काम बंदूक चालवण्याहून कमी धोक्याचं कसं म्हणायचं?

पडताळा घ्यायचा तर २ ऑक्टोबर १९४४ चा शरणागतीचा करार वाचावा. उठावातल्या लढवय्यांना, स्त्रियांसकट, युद्धकैदी मानायचं हे त्यात मान्य झालं. म्हणजे खुद्द शत्रूनेच त्यांना सैनिक म्हणून स्वीकारलं. मग युद्धकैद्यांच्या छावण्यांच्या नोंदी पाहाव्यात. जर्मनीतल्या ओबरलांगेन इथे अशा सुमारे १,७०० स्त्रिया कैदेत होत्या. १२ एप्रिल १९४५ ला त्यांची सुटका झाली, आणि सोडवायला आलेले सैनिकही पोलिशच होते.