लांबच्या डोंगरवाटेवर शरीराचं काय होतं?

पाठीवर सॅक घेऊन चार-पाच दिवसांच्या रेंज ट्रेकला, म्हणजे डोंगररांगेतून सलग चालत जायला, निघणाऱ्या आम्हा ठाणेकरांना घरीदारी एक प्रश्न हमखास विचारला जातो: एवढं चालून गुडघ्यांची वाट लागत नाही का? प्रश्न काळजीपोटी येतो आणि तो चांगला आहे. पण त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देता येत नाही. पाय म्हणजे एकच एक वस्तू नाही. त्यात स्नायू आहेत, कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण) आहे, हाडं आहेत, कातडी आहे, आणि यातला प्रत्येक भाग चालण्याला आपापल्या गतीने सरावतो. लांब पल्ल्याच्या वाटेवर माणसं बहुतेकदा अडकतात ती या गतींमधल्या फरकामुळे.

आपल्याकडचा रेंज ट्रेक आठवड्याभरात संपतो. अमेरिकेतली अॅपलेशियन ट्रेल मात्र सलग चालायला पाच ते सात महिने लागतात. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून जाणारी ही वाट सुमारे ३,५०० किलोमीटरची आहे. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती पूर्ण झाली आणि १९४८ मध्ये अर्ल शॅफर यांनी ती एका मोसमात चालून दाखवली. आज दरवर्षी हजारो लोक ती एका मोसमात पुरी करायच्या इराद्याने निघतात. शेवटपर्यंत पोहोचतात ते साधारण चारातला एक.

आता आपल्या डोंगरात येऊ. मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्यातून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर चढायचं आणि साधले घाटाने पुन्हा बेलपाड्यात उतरायचं, हा ठाणे जिल्ह्यातला दमवणारा पण सुंदर बेत. चढाई हजारेक मीटरची. चढताना छाती भात्यासारखी चालते, घामाने शर्ट चिंब होतो, आणि वर कोकणकड्यावर पोचलं की वाटतं, संपलं एकदाचं. खरा हिशेब दोन दिवसांनी होतो. ठाणे स्टेशनचा पूल चढताना काही जाणवत नाही, पण उतरताना मांड्या अशा बोंबलतात की कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागते.

असं का होतं? चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जातानाच ब्रेक लावत असतो, नाहीतर आपण गडगडत खाली जाऊ. हे ब्रेक लावणं श्वासाच्या दृष्टीने फार स्वस्त असतं. १९५२ साली इंग्लंडमध्ये अॅबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी याचा एक देखणा प्रयोग केला. दोन सायकली एकमेकींना पाठमोऱ्या ठेवून साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचं, दुसऱ्याने उलट्या फिरणाऱ्या पेडलला नुसता विरोध करायचा. दोघांच्या पायांवरचा जोर सारखाच, पण पेडल मारणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन, पेडलच्या वेगानुसार, विरोध करणाऱ्याच्या अडीच ते पाच पट भरला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हे यंत्र मांडलं तेव्हा विरोध करणाऱ्या तरुणीने फारसे कष्ट न घेता पेडल मारणाऱ्या तरुणाला दमवून टाकलं.

उतारावर दम लागत नाही तो म्हणूनच, आणि म्हणूनच आपण फसतो. ब्रेक लावताना स्नायूतले कमी तंतू कामाला लागतात, त्यामुळे प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो. तंतूच्या आत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म दुवे ओळीने जोडलेले असतात. त्यातले दुबळे दुवे ताणाखाली प्रमाणाबाहेर ओढले जातात, काही विस्कटतात. मग दुरुस्ती सुरू होते, सूज येते, आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी टिपेला पोचतं. ‘लॅक्टिक अॅसिड साचलं’ हे जिममध्ये सर्रास ऐकू येणारं कारण खरं नाही. व्यायाम थांबल्यावर ते अॅसिड, म्हणजे शरीरातलं लॅक्टेट, तासा-दोन तासांत निघून जातं. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. अशा दुखण्याचं मूळ स्नायूतल्या बारीक इजांमध्ये असावं, असं थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच मांडलं होतं.

या सगळ्यातली आनंदाची गोष्ट पुढे आहे. एकदा असा उतार सोसला की स्नायू दुरुस्त होताना पहिल्यापेक्षा चिवट होतो. त्यानंतर काही आठवडे तेवढाच उतार उतरला तरी दुखणं फार कमी होतं. बेलपाड्यातले वाटाडे मामा प्लास्टिकच्या चपला घालून, डोक्यावर ओझं घेऊन ती घसाऱ्याची वाट कशी उतरतात ते एकदा नीट पाहा. पावलं आखूड, गुडघा कायम किंचित वाकलेला, टाच दणकन आपटणं नाही. लहानपणापासून उतरून उतरून त्यांच्या मांड्यांना ही भाषा पाठ झालेली असते.

म्हणून ट्रेकच्या तयारीबद्दल माझं मत ठाम आहे. आपण फक्त चढायचा सराव करतो. येऊरचा रस्ता धापा टाकत चढतो, मुंब्रादेवीच्या पायऱ्या वेळ लावून चढतो. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत राहणारे जिना चढतात आणि लिफ्टने खाली येतात. दमासाठी हे उत्तम आहे, पण मांड्यांना उताराची ओळख त्यातून होत नाही. ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी आठवड्यातून एकदा-दोनदा उलटं करा: लिफ्टने वर जा आणि जिन्याने सावकाश उतरा. सुरुवात पाच-सात मजल्यांपासून. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी डॉक्टरांना विचारूनच. आणि उतारावर काठी वापरायला लाजू नका. दोन काठ्यांनी उतरताना गुडघ्यावरचा भार पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, असं मोजमापात दिसलं आहे.

मांड्या पंधरवड्यात सरावतात. भुकेचं गणित त्याहून लांबचं. सत्तर किलोचा माणूस बारा किलोची सॅक घेऊन हजार मीटर चढला, तर नुसतं वजन वर उचलायला जवळपास १९० कॅलरी लागतात. पण स्नायू इंधनातला साधारण चौथा भागच कामात आणतात, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे खर्च झाला साडेसातशेच्या वर, आणि त्यात सपाटीवरचं चालणं, उतार, रोजचं जगणं धरलेलंच नाही. दिवसाला चार-पाच हजार कॅलरींचा खर्च लांबच्या वाटेवर अगदी नेहमीचा. पहिले काही दिवस भूक मंदावते, मग दोन-तीन आठवड्यांनी अशी उसळते की माणूस जेवून उठतो तो पुढच्या जेवणाचा विचार करतच.

तरीही वजन उतरत राहतं, आणि याचं एक कारण पोटात आहे. २०१५ साली काही धावपटू कॅलिफोर्नियापासून वॉशिंग्टन डीसीकडे, आठवड्याला सहा मॅरेथॉन या हिशेबाने, १४० दिवस पळत गेले. संशोधकांनी त्यांचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. पडून राहिल्यावर शरीराला जेवढी ऊर्जा लागते तिच्या चार-पाच पट खर्च माणूस काही दिवस-आठवडे करू शकतो. पण महिनोन् महिने चालणाऱ्या कष्टांत तो खर्च अडीच पटीच्या आसपास येऊन स्थिरावतो. संशोधकांच्या मते ही मर्यादा आतड्यांची आहे. त्याहून जास्त अन्न ती रोज पचवून शोषू शकत नाहीत, उरलेली तूट शरीर स्वतःतून भरतं. गर्भवती स्त्रीचं शरीर नऊ महिने याच मर्यादेच्या अगदी जवळ, सुमारे २.२ पटीवर चाललेलं असतं. हे वाचून मी बराच वेळ थबकलो होतो. ज्या कष्टांना आपण पराक्रम म्हणतो, त्यांच्या पंक्तीला घरोघरचं बाळंतपण बसतं.

सॅकमध्ये काय भरायचं हेही यातूनच ठरतं. पिठात किंवा गुळात ग्रॅमला चार कॅलरी, तुपात-तेलात नऊ. मूठभर शेंगदाण्यात त्याच वजनाच्या कोरड्या तांदळाच्या दीडपट ऊर्जा असते, वर त्याला शिजवायला पाणी आणि सरपण लागत नाही. दाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, तूप सढळ घातलेली दशमी हे आपल्या घरचे पदार्थ वाटेवरच्या महागड्या एनर्जी बारला सहज टक्कर देतात.

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडचा डोंगर अमेरिकेतल्यापेक्षा निराळं वागवतो. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर तो शरीरातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. सुकला तर! ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, टपटप गळतो. ऑक्टोबरात खारघरच्या टेकडीवर नऊ वाजता जी घुसमट होते ती याचीच. शरीर उष्णतेलाही सरावतं, आठ-पंधरा दिवसांत: रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. तोवर मीठ तोंडाने द्यावं लागतं. मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत किंवा ओआरएस हे त्यासाठीच. तहान नसताना लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसणं धोक्याचं आहे, कारण रक्तातलं सोडियम खाली जाऊन डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा सुरू होतो, आणि सोबतचे लोक ‘पाणी कमी पडलं’ असं समजून आणखी पाणी पाजतात.

आता गुडघे. २००९ मध्ये इटलीतल्या बारीपासून नॉर्वेच्या नॉर्थ केपपर्यंत सुमारे ४,५०० किलोमीटरची शर्यत ६४ दिवसांत झाली. एमआरआय यंत्र बसवलेला ट्रक धावपटूंच्या बरोबर रोज पुढे सरकत होता. पहिल्या दीड-अडीच हजार किलोमीटरमध्ये सांध्यांतल्या कूर्चेवर ताणाच्या खुणा दिसल्या. पुढे मात्र घोट्याची आणि पावलाची कूर्चा पळणं चालू असतानाच सावरू लागली. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि तो द्रव आत-बाहेर होतो तो पाय दाबला-सुटला जातो तेव्हाच. चालणं तिचं अन्न आहे. आधीच झिजलेल्या किंवा दुखावलेल्या गुडघ्याची गोष्ट वेगळी, पण धडधाकट गुडघा चालून चालून संपतो ही भीती अशा मोजमापांना धरून नाही.

मला खरी काळजी वाटते ती हाडांची, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १८५५ मध्ये प्रशियन लष्करातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली. एक्स-रेचा शोध लागल्यावर कळलं की पावलाच्या लांब हाडांना बारीक चिरा गेलेल्या असतात. नवा भार पडला की हाड स्वतःची फेररचना करतं, पण त्यात आधी जुना भाग पोखरला जातो आणि मग नवा भरला जातो. पोखरणं दोन-तीन आठवड्यांत होतं, भरायला तीनेक महिने लागतात. म्हणजे दम वाढलेला, मांड्या तयार, उत्साह ओसंडतोय, अशा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड मात्र निघतानाच्यापेक्षा कच्चं असू शकतं. नेमक्या याच वेळी माणूस रोजचं अंतर वाढवतो.

अॅपलेशियन ट्रेलवर अनुभवी मंडळी नवख्यांना सुरुवातीला रोज बारा-पंधरा किलोमीटरच चाला आणि अधूनमधून एक दिवस पूर्ण थांबा असं सांगतात, ते याच्याशी जुळतं. पावलावर किंवा नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, चालताना वाढत असेल आणि बसल्यावर कमी होत असेल, तर वेदनाशामक गोळी घेऊन पुढे निघू नका. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, तेव्हा एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं थांबेपर्यंत सॅक खाली ठेवायची.