जयपूर फूट म्हणजे अख्खा पाय नव्हे

नाशिकात रिक्षात बसलो की पँट थोडी वर सरकते, आतली नळी दिसते आणि शालिमारपासून पंचवटीपर्यंत एकच विषय: "जयपूर फूट का हो? आमच्या मामांनाही आहे." गुडघ्याखालून पाय गेला त्याला नऊ वर्षं झाली. माझा तळपाय सध्या जयपूरचाच आहे, पण मामांना नक्की काय आहे ते मामांनाही ठाऊक नसतं.

जयपूर फूट तुम्हाला माहीत आहे, म्हणून पटकन उरकतो. 1968 च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी तो घडवला. रबराचा, दिसायला खऱ्यासारखा, घोट्यात सगळीकडे लवणारा. उकिडवं बसता येतं, चिखलात जाता येतं. मात्र हा घोट्याखालचा तुकडा. कृत्रिम पाय म्हणजे अख्खी जोडणी: वर सॉकेट (उरलेला पाय आत बसतो तो साचा), मधे नळी, खाली तळपाय, आणि पाय मांडीतून गेला असेल तर गुडघ्याचा सांधासुद्धा.

नुसता नावाचा घोळ असता तर मी गप्प बसलो असतो. पण पाय दुखला की लोक तळपायाला शिव्या देतात आणि महागडा कार्बन फायबरचा तळपाय शोधायला निघतात. अहो, तळपाय दुखेल कसा? दुखतो तो उरलेला पाय, आणि तो बसतो सॉकेटमध्ये.

गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस उरलेल्या पायाच्या टोकावर उभा राहत नाही. भार येतो गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड स्नायुबंधावर आणि पोटरीच्या मांसावर. सॉकेट त्या मापाचं असतं. पण माप काही जागेवर राहत नाही. ऑपरेशननंतर पहिलं वर्षभर तरी पाय आटत जातो, आणि पुढेही दिवसभरात थोडा कमी-जास्त होतोच. आटला की खाली सरकतो, टोक तळाशी आदळतं, बाजूचं हाड कडेला घासतं. उपाय साधा: सॉकेटच्या आत उरलेल्या पायावर चढवायचे मोजे वाढवायचे. मी सकाळी दोन मोज्यांवर निघतो. रविवार कारंजा, मेन रोड करून घरी येईपर्यंत चार झालेले असतात. पिशवीत मोजे नसतील तर मी घराबाहेर पडत नाही.

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार कार्बनच्या तळपायासाठी पैसे साठवत होते. मी पाय काढून दाखवा म्हटलं. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला लालभडक डाग.

"मोजे किती घालता?"

"एकच. पाय दिला तेव्हा एकच सांगितला होता."

त्याला दोन वर्षं झाली होती! आणखी दोन मोजे चढवले, उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, मी उंच झालो की!"

पाय काढल्यावर लाली दिसणं वाईट नाही. दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. राहिली, तर पाय बनवणाऱ्याला दाखवा. टोक आदळतंय का हे पाहायला सॉकेटच्या तळाशी कणकेची छोटी गोळी ठेवून पाय घाला आणि उभे राहा. गोळी गोलच राहिली तर टोक तळाला पोचत नाही, कागदासारखी चपटली तर जास्त दाबतंय.

आता लोक मला पाठवतात ते 'रोबोटिक पाय' वाले व्हिडिओ. 1997 मध्ये आलेला सी-लेग घ्या: त्यात संगणक असतो तो गुडघ्यात. माझा गुडघा देवाच्या दयेने माझाच आहे, तेव्हा मला पाठवू नका. सॉकेटच नको करणारी एकच वाट मला मोलाची वाटते: 1990 पासून स्वीडनमध्ये मांडीच्या हाडात टायटॅनियमचा खिळा बसवून त्याला पाय जोडतात. खिळा कातडीतून बाहेर येतो, तिथे जंतुसंसर्गाची टांगती तलवार.

तळपायातही माझी आवड आहेच. बाकीचे बहुतेक तळपाय बुटाच्या टाचेच्या उंचीला जुळवलेले असतात. रामकुंडावर बूट काढला की माणूस मागे झुकतो. जयपूरचा अनवाणीच चालतो. पण हे सगळं सॉकेट नीट बसल्यावर.

दिंडोरीकरांनी शेवटी नवं सॉकेट करून घेतलं. तळपाय तोच, जुना, टाचेला झिजलेला. परवा छाटणीला बागेत होते.