सुकडीपासून शुगर बोर्डापर्यंत

जुलै २०२५ मध्ये ‘सामोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा’ अशी बातमी नागपूरच्या एम्सच्या हवाल्याने देशभर फिरली. केंद्राने लगोलग खुलासा केला : पदार्थांवर लेबल नाही, फक्त कार्यालयांत तेल-साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावायचे आहेत. सरकारने लोकांच्या ताटात का डोकवावे, असा सूर त्या गदारोळात उमटला. पण ताटाशी सरकारचा संबंध जुना आहे.

१९७२ च्या दुष्काळात वाटलेली सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) आणि लाल मिलो (आयात ज्वारी) आपल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवते. पोट भरणे हाच तेव्हा आहाराचा प्रश्न होता. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडीत वजनाचा काटा आला. ताई मुलाला काट्यावर ठेवते, तक्त्यावर टिंब काढते आणि टिंब रेघेच्या किती खाली आहे ते बघते. वरच्या बाजूला बघायचे कारणच नव्हते. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीतही पाच वर्षांखालची एक तृतीयांशाहून अधिक बालके कमी वजनाची होती. तेव्हा ती नजर चुकीची म्हणता येणार नाही, पण अपुरी नक्कीच होती.

कारण मधल्या काळात बाजार बदलला. १९९४ मध्ये पामोलिनची, म्हणजे पाम तेलाची, आयात खुली झाली, तळण स्वस्त झाले, पाच रुपयांची पाकिटे शाळेच्या फाटकाबाहेर माळेसारखी लटकू लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २५ वा त्याहून जास्त बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक) असलेल्या स्त्रिया २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होत्या. २०१९-२१ मध्ये २४ टक्के. पुरुष ९.३ वरून २२.९ टक्क्यांवर गेले.

हे आकडेही खरी व्याप्ती दाखवत नाहीत, आणि याचा पुरावा पुण्यातून आला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त, अशी आपली ठेवण. म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानायचे ठरवले. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांची ८० च्या आत हवी, असेही सांगितले.

सरकारी पावले मात्र तुकड्यातुकड्याने पडली, आणि शाळेच्या बाबतीत तर ती न्यायालयाने ढकलल्यावर पडली. शाळांभोवतीच्या जंक फूडविरोधात २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली, आदेश २०१५ मध्ये आला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शासन निर्णय काढून शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, पिझ्झा, बर्गर हद्दपार केले. त्याऐवजी पोळी, खिचडी, राजमा, ताक सुचवले. २०२० च्या केंद्रीय नियमांनी फाटकापासून ५० मीटरपर्यंत जंक फूड विकायला मनाई केली. फाटकासमोरच्या टपरीवर उभे राहून हे अंतर डोळ्यांनी मोजून पाहावे. नियम कुठे अडला ते कळते.

कराचा प्रयोग केरळने २०१६ मध्ये केला : ब्रँडेड बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के. वर्षभरात जीएसटी आला आणि केरळचा हा कर विरून गेला. ट्रान्स फॅटचे, म्हणजे हृदयाला घातक अशा चरबीचे, काम मात्र नीट झाले. तेला-वनस्पतीतली त्याची मर्यादा २०२२ पासून २ टक्के आहे. हा बदल कारखान्यात झाला, गिऱ्हाइकाला काही सोडावे लागले नाही, आणि माझ्या मते तो टिकला तो त्यामुळेच.

२०२५ मध्ये विषय थेट पंतप्रधानांच्या तोंडी आला. तेल १० टक्के कमी करा, असे त्यांनी ‘मन की बात’मध्ये आवाहन केले, मे महिन्यात सीबीएसईने शाळांना शुगर बोर्ड, म्हणजे साखरेचे प्रमाण सांगणारे फलक, लावायला सांगितले. दोन्ही चांगलेच. पण त्यांत सगळा भार खाणाऱ्यावर आहे.

पाकिटाच्या दर्शनी बाजूचे काय? २०२२ च्या मसुद्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पदार्थ जितका आरोग्यदायी तितके जास्त तारे देण्याची पद्धत सुचवली. तीत फळे, सुकामेवा, तंतू यांचे गुण साखरेच्या दोषातून वजा होतात, म्हणून गोड पदार्थालाही तारे मिळू शकतात. आरोग्य कार्यकर्त्यांना हवा आहे सरळ इशारा : साखर जास्त, मीठ जास्त. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दर्शनी लेबलाचा निर्णय घ्यायला एप्रिल २०२५ मध्ये तीन महिन्यांची मुदत मिळाली, जुलैत आणखी तीन महिन्यांची. त्या वर्षभर दुकानातल्या आईला साखरेचा आकडा पाकीट उलटे करून, मागच्या बारीक अक्षरांतच शोधावा लागत होता.