गर्भपाताचा आकडा कोणी मोजला, कसा मोजला?

पोलंडच्या सरकारी नोंदीनुसार २०२१ साली त्या देशात १०७ गर्भपात झाले. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्समधल्या रहिवासी स्त्रियांच्या गर्भपातांची नोंद होती २,१४,२५६. पोलंडची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या घरातली, इंग्लंड-वेल्सची सहा कोटींच्या आसपास. लोकसंख्येतला हा फरक जमेस धरला तरी दुसरा आकडा पहिल्याच्या हजारपटीहून मोठा राहतो. दोन युरोपीय समाजांतल्या स्त्रियांच्या वागण्यात हजारपटीचा फरक असू शकेल, हे पटायला कठीण आहे. फरक आहे तो मोजणीत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७च्या कायद्यापासून प्रत्येक गर्भपाताची सूचना मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला पाठवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. तिथली नोंद त्यामुळे जवळजवळ पूर्ण असते. पोलंडची नोंद फक्त रुग्णालयात, कायद्याच्या चौकटीत झालेल्या गर्भपातांची. ऑक्टोबर २०२०मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भातील गंभीर दोष हे कारण रद्द केले. त्याआधीचे बहुतेक सगळे कायदेशीर गर्भपात याच कारणाखाली होत. २०१९मधला सुमारे ११०० हा आकडा दोन वर्षांत १०७वर आला तो यामुळे. या काळात कोणी टपालाने गोळ्या मागवून घरी घेतल्या, कोणी जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये जाऊन गर्भपात करून घेतला. यातले काहीही पोलंडच्या तक्त्यात दिसत नाही.

म्हणून देशादेशांच्या यादीत तळाला असलेला देश दिसला की मला आधी त्याच्या नोंदवहीची शंका येते. फार लहान आकडा बहुधा मोजणी कुठे थांबली तेवढेच सांगतो.

आयर्लंडचे उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. २०१९पूर्वी तिथे गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी होती. पण इंग्लंड-वेल्सच्या नोंदींत स्त्रीचा पत्ता लिहिलेला असतो. त्या पत्त्यांवरून समजते, की २००१ साली आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या ६,६७३ स्त्रियांनी तिथे जाऊन गर्भपात करून घेतला. पुढे हा आकडा उतरत गेला आणि २०१८मध्ये २,८७९ झाला. या उताराचे एक कारण घरपोच मिळणाऱ्या गोळ्या हे होते. जानेवारी २०१९पासून नवा कायदा लागू झाला आणि पहिल्याच वर्षी आयर्लंडमध्ये ६,६६६ गर्भपात नोंदले गेले. केवळ आयर्लंडचे दप्तर पाहणाऱ्याला वाटेल, एका वर्षात केवढा स्फोट झाला! प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग आधीही होताच, फक्त दुसऱ्या देशात किंवा बंद दाराआड. ज्या देशात बाहेरून स्त्रिया येतात, त्याच्या बाबतीत हीच चूक उलट्या दिशेने होते, आकडा फुगतो. म्हणून तुलना करताना स्त्री कुठे राहते यावरून मोजायचे, की गर्भपात कुठे झाला यावरून, हे आधी ठरवावे लागते.

सधन देशात नोंद चांगलीच असणार, या समजुतीलाही अर्थ नाही. अमेरिकेत राज्यांनी आपले आकडे केंद्राला देणे ऐच्छिक आहे. तिथल्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने २०२० सालासाठी ६,२०,३२७ गर्भपात नोंदवले. गुटमाकर ही संशोधन संस्था देशभरातल्या दवाखान्यांना थेट विचारून आकडे गोळा करते. तिच्या मोजणीत त्याच वर्षी ९,३०,१६० गर्भपात झाले. तीन लाखांहून अधिक गर्भपातांची ही तफावत कोणाच्या लबाडीतून आलेली नाही. कॅलिफोर्निया, मेरिलँड आणि न्यू हॅम्पशायर ही राज्ये केंद्राला आकडेच देत नव्हती, आणि त्यातले कॅलिफोर्निया हे देशातले सर्वाधिक लोकसंख्येचे राज्य. आता कोणी अमेरिकेचा केंद्रीय आकडा घेऊन तो फ्रान्सशेजारी ठेवला, तर फ्रान्सवर अन्याय होतो. तिथे रुग्णालयांच्या आणि आरोग्यविम्याच्या नोंदींतून मोजणी होते, आणि पैसे देण्यासाठी ठेवलेल्या हिशेबातून सहसा काही सुटत नाही.

भारतातली दरी तर याहून कितीतरी रुंद आहे. सरकारी नोंदींत वर्षाला सुमारे ७ लाख गर्भपात दिसत. २०१८च्या सुरुवातीला लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २०१५ सालासाठी अंदाज दिला १ कोटी ५६ लाखांचा. म्हणजे वीसपटीहून जास्त. हे गर्भपात गेले कुठे होते? त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झालेले होते, आणि औषधाच्या दुकानातून घेतलेल्या गोळीची नोंद गर्भपाताच्या वहीत होत नाही. संशोधकांनी सहा राज्यांतल्या आरोग्यकेंद्रांचे सर्वेक्षण केले आणि त्याला गोळ्यांच्या विक्रीच्या आकडेवारीची जोड दिली. दर निघाला १५ ते ४९ वयाच्या हजार स्त्रियांमागे ४७. सरकारी ७ लाख धरले, तर हाच दर हजारी दोन-अडीचच्या आत राहतो आणि भारत एकदम जगातल्या सर्वात कमी गर्भपातांच्या देशांत जाऊन बसतो.

याशिवाय, मोजायचे नेमके काय, यावरही देशांचे एकमत नाही. रशियाच्या आकडेवारीत स्त्रीने करवून घेतलेल्या गर्भपातांबरोबर आपोआप झालेलेही एकत्र मोजण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे तिथला एकूण आकडा शेजाऱ्यांच्या तुलनेत आपसूकच चढा दिसतो. बांगलादेशात उलट आहे. तिथे १९७९पासून सरकारी कार्यक्रमात चुकलेली पाळी ‘नियमित करण्याची’ प्रक्रिया उपलब्ध आहे. गर्भधारणेची चाचणी न करता, पाळी चुकल्यानंतर ठरावीक आठवड्यांच्या आत ती केली जाते. कायद्याच्या लेखी हा गर्भपात नाही. बांगलादेशची आकडेवारी वाचताना ही प्रक्रिया धरली आहे की वगळली आहे, हे पाहिल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाता येत नाही.

समजा अंश पक्का झाला. आता छेद.

सर्वात रुळलेले माप म्हणजे दर: प्रजननक्षम वयाच्या हजार स्त्रियांमागे वर्षात किती गर्भपात. पण हे वय कोणी १५ ते ४४ धरते, कोणी १५ ते ४९. जर्मनी तर हजाराऐवजी दहा हजार स्त्रियांमागचा दर छापते. वयाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करून बघा. एका काल्पनिक देशात १५ ते ४४ वयाच्या ३० लाख स्त्रिया आहेत आणि वर्षाला ६० हजार गर्भपात होतात: दर २०. आता छेदात ४५ ते ४९ वयाच्या ५ लाख स्त्रिया घाला. या वयात गर्भधारणाच क्वचित होते, त्यामुळे अंश जवळपास तोच राहतो आणि दर १७ वर येतो. काहीही न घडता देश ‘सुधारला’. लोकसंख्येत विशीतल्या स्त्रियांचे प्रमाण जास्त असेल, तर दर आणखी हलतो. त्यावर उपाय म्हणून सर्व देशांना एकच वयरचना लावून प्रमाणित दर काढतात.

दुसरे माप गुणोत्तर: दर १०० जिवंत जन्मांमागे किती गर्भपात. वृत्तपत्रांना हे माप फार आवडते, कारण त्यातून ठसठशीत वाक्ये निघतात. पण त्याच्या छेदात बाळे आहेत, आणि बाळे किती जन्मतात हे गर्भपाताखेरीज इतर अनेक गोष्टींवर ठरते. दोन देश घ्या, दोन्हींत प्रजननक्षम वयाच्या १० लाख स्त्रिया आणि १५ हजार गर्भपात. दर दोन्हीकडे सारखाच, १५. पहिल्यात वर्षाला ३० हजार जन्म होतात, दुसऱ्यात १ लाख २० हजार. पहिल्याचे गुणोत्तर ५०, दुसऱ्याचे साडेबारा. गर्भपात एकाने कमीजास्त नाही, तरी पहिला देश चौपट वाईट दिसतो. कमी मुले होऊ देणारा प्रत्येक समाज या मापात असाच वर चढतो. गुणोत्तर निरुपयोगी आहे असे नाही. झालेल्या गर्भधारणेचे पुढे काय होते, हे त्यातून कळते. गर्भपात ‘किती सर्रास’ आहे हे मात्र त्यातून कळत नाही.

दोन्ही मापे आणि नोंदीचा प्रश्न एकत्र पाहायचा तर रोमानिया. १९६६ साली तिथे साडेनऊ लाखांहून अधिक गर्भपात झाले. त्याच वर्षी हुकूमशहा चाउशेस्कूच्या ७७० क्रमांकाच्या हुकूमनाम्याने गर्भपातावर कडक बंदी आली आणि १९६७चा आकडा सुमारे दोन लाखांवर कोसळला. कागदावर यशच. पण गरोदरपण-बाळंतपणाशी संबंधित मातामृत्यू पुढच्या दोन दशकांत साधारण दुप्पट झाले, आणि त्यांतले बहुसंख्य मृत्यू चोरून केलेल्या गर्भपातांमुळे होते. डिसेंबर १९८९मध्ये राजवट पडली, बंदी उठली. १९९०मध्ये सुमारे ९ लाख ९२ हजार गर्भपात नोंदले गेले आणि जन्म झाले ३ लाख १५ हजारांच्या आसपास: शंभर जन्मांमागे ३१५ गर्भपात. त्याच एका वर्षात मातामृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आले. गर्भपातांचा एवढा प्रचंड आकडा आणि मातामृत्यूंतली एवढी घट, दोन्ही एकाच वर्षात. मृत्यू लपवणे गर्भपात लपवण्याइतके सोपे नसते, म्हणून नोंदीवर शंका असेल तिथे संशोधक मातामृत्यूंकडेही बघतात.

जिथे वहीच नाही तिथे मोजायचे कसे? स्त्रियांना थेट विचारावे, तर त्या सांगत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कुटुंब सर्वेक्षणात प्रत्यक्ष झालेल्या गर्भपातांपैकी जेमतेम ४० टक्केच स्त्रियांनी सांगितल्याचे दिसून आले, आणि तेही त्या काळात, जेव्हा तो देशभर कायदेशीर होता. मग आडवळणाने जावे लागते. एक रीत मला विशेष आवडते. स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. पहिल्या गटाला चार साध्या अनुभवांची यादी द्यायची आणि यातले किती अनुभव आले, तेवढी संख्या फक्त विचारायची, कोणते ते नाही. दुसऱ्या गटाला तीच यादी, पण पाचवा अनुभव वाढवून: गर्भपात. पहिल्या गटाची सरासरी २.३ आली आणि दुसऱ्याची २.५, तर फरक ०.२, म्हणजे सुमारे २० टक्के स्त्रियांनी कधी ना कधी गर्भपात केला असावा. एकाही बाईचे गुपित कोणाला कळले नाही! दुसरी रीत मैत्रिणीबद्दल विचारण्याची. तिच्यात अडचण अशी, की जिवाभावाची मैत्रीणही सगळे सांगतेच असे नाही.

तिसरी रीत रुग्णालयांतून जाते. गर्भपातानंतरच्या गुंतागुंतीसाठी किती स्त्रिया दाखल झाल्या ते मोजायचे, त्यातून आपोआप झालेल्या गर्भपातांचा अंदाजे वाटा वजा करायचा आणि उरलेल्याला एका गुणकाने गुणायचे. चारपैकी एकच स्त्री रुग्णालयापर्यंत पोहोचते असे जाणकारांचे मत असेल, तर गुणक ४. सगळा डोलारा या गुणकावर उभा असतो. गोळ्या आल्यापासून गुंतागुंत कमी झाली आहे, म्हणजे रुग्णालयात येणाऱ्या घटल्या आणि गुणक वाढला. जुनाच गुणक वापरला तर गर्भपात घटल्याचा भास होतो.

जागतिक आकडा अशाच मिश्र साहित्यातून तयार होतो. २०१५ ते २०१९ या काळासाठी अंदाज आहे वर्षाला ७ कोटी ३३ लाख गर्भपातांचा, पण त्याच्या दोन्ही बाजूंना ६ कोटी ६७ लाख ते ८ कोटी २० लाख एवढा पल्ला दिलेला आहे. बातमीत हा पल्ला सहसा गळतो. दोन देशांचे पल्ले एकमेकांवर चढत असतील, तर त्यांतला कोण वर आणि कोण खाली ही चर्चाच पोकळ आहे.

जगाचा गर्भपाताचा दर फोडून पाहिला तर आणखी काही दिसते. हजार स्त्रियांमागे ६४ अनियोजित गर्भधारणा, त्यातल्या ६१ टक्क्यांचा शेवट गर्भपातात: दर ३९. १९९०-९४मध्ये हेच आकडे होते ७९ आणि ५१ टक्के: दर ४०. पंचवीस वर्षांत काही बदलले नाही असे दर सांगतो, पण आत दोन मोठे बदल एकमेकांना खोडून बसले आहेत. अनियोजित गर्भधारणा घटल्या, आणि झाल्यावर ती थांबवण्याचे प्रमाण वाढले. कायदे आणि दर यांची सांगड घालणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावे. गर्भपात कायदेशीर असलेल्या देशांची एकत्र सरासरी काढली, की चीन आणि भारत आपल्या लोकसंख्येच्या बळावर ती ओढून नेतात. हे दोन देश बाजूला ठेवले की उरलेल्यांची सरासरी बरीच खाली येते.

मग न्याय्य तुलना शक्य तरी कुठे आहे? स्वीडन आणि फिनलंड घ्या. दोन्हीकडे सक्तीची, भरवशाची राष्ट्रीय नोंद, शेजारचे देश, सारख्या आरोग्यव्यवस्था. स्वीडन दर काढताना १५ ते ४४ हे वय धरते आणि फिनलंड १५ ते ४९, तेव्हा आधी छेद सारखा करावा लागतो. तो केल्यावरही स्वीडनचा दर फिनलंडच्या सुमारे दुप्पट राहतो. हा फरक खरा आहे. स्वीडनमध्ये १९७५पासून १८ आठवड्यांपर्यंत स्त्रीच्या मागणीवर गर्भपात मिळतो, तर फिनलंडमध्ये २०२३पर्यंत कारण द्यावे लागे, तेव्हा उत्तर कायद्यात आहे असे वाटू शकते. पण नेदरलँड्सचा कायदाही सैल आहे, आणि तो देश अनेक दशके युरोपातल्या कमी दरांच्या देशांत राहिला. गर्भनिरोधके कोणाला, किती स्वस्त आणि किती लवकर मिळतात, शाळेत काय शिकवले जाते, पहिले मूल कोणत्या वयात होते, असे प्रश्न इथून पुढे विचारता येतात.