अमेरिकेच्या ऊर्जा विभागातील गुप्तवार्ता कार्यालय: पात्रता, कागदपत्रे आणि सुरक्षा तपासणी

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे गुप्तवार्ता व प्रतिगुप्तवार्ता कार्यालय २००६ मध्ये दोन स्वतंत्र कार्यालये एकत्र करून उभे राहिले. अण्वस्त्रांविषयीचे ज्ञान आणि लॉस अ‍ॅलामोस, लिव्हरमोर यांसारख्या राष्ट्रीय प्रयोगशाळांतील संशोधन परकीय हेरगिरीपासून जपणे हे त्याचे एक प्रमुख काम असल्याने तेथील नोकरीसाठी ‘क्यू’ श्रेणीची सुरक्षा मंजुरी (अतिगोपनीय माहिती हाताळण्यासाठी ऊर्जा विभाग देतो ती परवानगी) लागते. अमेरिकेचे नागरिकत्व आवश्यक असून ग्रीन कार्ड त्यासाठी पुरेसे नाही. मात्र नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला जन्म भारतातला म्हणून अर्ज नाकारला जात नाही.

ही मंजुरी स्वतःहून मागता येत नाही. निवड होऊन सशर्त नियुक्तीचा प्रस्ताव आल्यानंतरच ‘ई-अ‍ॅप’ प्रणालीवर एसएफ-८६ हे पार्श्वभूमी तपासणीचे प्रपत्र भरण्यास सांगितले जाते आणि त्यासाठी अर्जदाराला कोणतेही शुल्क द्यावे लागत नाही. पासपोर्ट, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, मागील १० वर्षांतील पत्ते व नोकऱ्या आणि ७ वर्षांतील परदेश प्रवास यांचा तपशील आधीच जुळवून ठेवावा. बोटांचे ठसे आणि अमली पदार्थांची चाचणीही होते. राज्याच्या कायद्याने गांजाला परवानगी असली तरी केंद्रीय नियमांत ती सबब चालत नाही.

आपल्या लोकांनी सर्वाधिक वेळ द्यावा तो परदेशी संबंधांच्या भागाला. आईवडील, भावंडे, सासूसासरे यांचे नागरिकत्व, व्यवसाय आणि त्यांच्याशी किती वेळा बोलणे होते, हे सारे त्यात विचारले जाते. वडिलांच्या पश्चात वारस नोंद होऊन गावाकडच्या सातबाऱ्यावर आपले नाव लागले असेल, तर एक रुपयाचे उत्पन्न नसले तरी ती मालमत्ता दाखवावी. त्यासाठी अद्ययावत उतारा आणि फेरफाराची नक्कल मागवून घेणे हिताचे. भारतात नातेवाईक असणे हा दोष नाही, परंतु जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा ५ वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे.

प्रपत्रानंतर शेजारी, सहकारी यांच्याकडे चौकशी, प्रत्यक्ष मुलाखत आणि या कार्यालयातील पदांसाठी पॉलिग्राफ चाचणी होते. ‘क्यू’ मंजुरीबाबत शंका राहिल्यास तिची कारणे अर्जदाराला लेखी कळवली जातात. त्यावर उत्तर देऊन, हवा असल्यास स्वखर्चाने वकील नेमून, ऊर्जा विभागाच्या सुनावणी व अपील कार्यालयात सुनावणी मागता येते.