एका छपराखालच्या चार ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्यांचा बॅकअप

मराठी पुस्तके आणि नियतकालिके जुळवणाऱ्या डीटीपी केंद्रांत विंडोज ९८ किंवा विंडोज एक्सपीवर चालणारा एखादा जुना संगणक अजूनही जपून ठेवलेला आढळतो, कारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा मजकूर त्या काळच्या खासगी अक्षरसंचांत आणि पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅमच्या फायलींत अडकलेला असतो. त्याच खोलीत विंडोज ११चा नवा संगणक, सामायिक फायली सांभाळणारा लिनक्स सर्व्हर आणि मुखपृष्ठांसाठीचा मॅकही असू शकतो. या सर्वांचा बॅकअप एकाच प्रोग्रॅमने घ्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम फायली वेगळ्या रीतीने मांडते, वेगळ्या रीतीने संरक्षित करते, आणि म्हणून जुन्या यंत्राला जी पद्धत योग्य ठरते तीच नव्याला नेमकी चुकीची ठरते.

फायलीतला मजकूर कुठेही नेला तरी तोच राहतो. अडचण येते ती त्याभोवतीच्या माहितीची. विंडोज ९८ला फॅट ही फाइल-रचनाच कळते, आणि फॅट ३२मध्ये एका फायलीचा आकार ४ जीबीपर्यंतही पूर्ण पोचू शकत नाही. लिनक्स प्रत्येक फायलीचा मालक आणि परवानग्या नोंदवते, नावातील लहान-मोठी रोमन अक्षरे वेगळी मानते आणि विंडोजला न चालणारा विसर्गचिन्हासारखा कोलनही नावात चालवून घेते. अशा फायली फॅट किंवा एक्सफॅट रचनेच्या पोर्टेबल डिस्कवर सरळ उतरवल्या, तर परवानग्या नाहीशा होतात आणि काही फायली उतरतच नाहीत. त्या लिनक्सवरच ‘टार’ गठ्ठ्यात बांधून मग हलवल्या, तर ही सगळी माहिती गठ्ठ्याच्या आत शाबूत राहते.

वेळेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. फक्त बदललेल्या फायलींचा बॅकअप घेणारे प्रोग्रॅम बहुधा फायलीचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहून निर्णय घेतात. फॅट ही वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत आणि स्थानिक घड्याळाप्रमाणे नोंदवते, तर एक्सपी आणि नंतरच्या विंडोजची एनटीएफएस ही फाइल-रचना ती सेकंदाच्या अतिशय बारीक भागापर्यंत आणि जागतिक प्रमाणवेळेनुसार ठेवते. त्यामुळे तीच फाइल दोन ठिकाणी एखाद्या सेकंदाने वेगळी दिसते, आणि वाचणाऱ्या यंत्रावर कालविभाग भारतीय वेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळेचा ठेवला असेल तर भारतात हा फरक नेमका साडेपाच तासांचा होतो. मग एकही अक्षर न बदललेल्या हजारो फायली प्रत्येक वेळी नव्याने उतरतात, किंवा खरोखर बदललेली फाइल जुनी समजून वगळली जाते. फायलींच्या प्रती जुळवून ठेवणाऱ्या आरसिंकसारख्या प्रोग्रॅममध्ये एक-दोन सेकंदांच्या फरकाकडे काणाडोळा करण्याची सोय आहे ती यासाठीच.

जुना संगणक नेटवर्कला जोडून फायली ओढून घेणे सोपे वाटते, पण एक्सपीला फाइल-देवाणघेवाणीच्या एसएमबी नियमावलीची पहिलीच आवृत्ती येते. मे २०१७मध्ये जगभर पसरलेल्या, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या घातक प्रोग्रॅमने याच आवृत्तीतील दोषाचा फायदा घेतला होता. त्यात बाधित झालेल्या यंत्रांत विंडोज ७चे प्रमाण फार मोठे होते, म्हणजे धोका केवळ सर्वांत जुन्या यंत्रांपुरता नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १०च्या नव्या मांडणीत ही आवृत्ती आपोआप बसवली जात नाही. केवळ एका जुन्या यंत्राच्या सोयीसाठी ती सर्व नव्या संगणकांवर पुन्हा सुरू करणे मला अजिबात मान्य नाही. नेटवर्क वापरायचेच असेल, तर दोन नेटवर्क कार्डे असलेला एक लिनक्स संगणक मध्ये ठेवावा, जुनी आवृत्ती फक्त जुन्या यंत्राकडच्या बाजूला चालू ठेवावी आणि त्या संगणकानेच फायली ओढून घ्याव्यात. बॅकअपच्या जागी लिहिण्याची परवानगी जुन्या यंत्राला देऊच नये.

मात्र जुन्या यंत्रासाठी फायलींच्या प्रतीपेक्षा संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे डिस्क जशीच्या तशी उतरवलेली एकच फाइल, अधिक मोलाची असते. विंडोज ९८ चालू असताना तिच्या स्वतःच्या वापरात असलेल्या फायलींची सुसंगत प्रत घेण्याची सोय तिच्यात नाही, म्हणून ही प्रतिमा यंत्र बंद ठेवून बाहेरून घ्यावी लागते. असे संगणक बहुधा पेन ड्राइव्हवरून सुरू होत नाहीत. तेव्हा आयडीई या जुन्या प्रकारच्या जोडणीची डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने लिनक्स संगणकाला जोडावी आणि तिच्यावर काहीही लिहिले जाणार नाही अशा बेताने वाचावी. डिस्क कुरकुरत असेल तर डीडीरेस्क्यू हे साधन आधी धडधाकट भाग वाचून घेते आणि खराब भागांकडे नंतर वळते. १० किंवा २० जीबीची डिस्क आजच्या साध्या पेन ड्राइव्हवर सहज मावते.

ही प्रतिमा क्यूईएमयू किंवा व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये आभासी संगणक, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, म्हणून चालवता येते, परंतु तिथेही वयाच्या खुणा उमटतात. विंडोज ९५ तर ३५० मेगाहर्ट्झच्या काही एएमडी प्रोसेसरांवरच अडखळत असे, कारण वेळ मोजणारे एक आवर्तन अपेक्षेपेक्षा लवकर संपून शून्याने भागाकार होई. एक्सपीला यंत्राचे सुटे भाग बदललेले दिसले की ती पुन्हा सक्रिय करण्याची मागणी करू शकते. काही सॉफ्टवेअरांना लागणारे, समांतर पोर्टला लावायचे हार्डवेअर लॉक तर कोणत्याही प्रतिमेत पकडता येत नाही. ते लॉक हीच जपण्याची वस्तू आहे. खासगी अक्षरसंचांतील मजकुरात देवनागरीची जागा भलत्याच चिन्हांच्या क्रमांकांनी घेतलेली असते, त्यामुळे फॉन्टशिवाय फाइल उघडली तरी निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून फॉन्ट, छपाईसाठी तयार पीडीएफ आणि युनिकोडमध्ये रूपांतरित केलेला मजकूर हे तिन्ही मूळ फायलीसोबत ठेवावेत.

नव्या संगणकाची गोष्ट उलटी आहे. विंडोज ११मध्ये डिस्क बिटलॉकर या विंडोजमधल्याच सोयीने कूटबद्ध असेल, तर बाहेरून घेतलेल्या प्रतिमेत कूटबद्ध आशयच येतो आणि तो उलगडण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. त्यामुळे येथे बॅकअप चालू ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतून घेणे सोयीचे, आणि ती की त्या संगणकाबाहेर कागदावर लिहून ठेवणे अत्यावश्यक. मॅकसाठी २००७पासून असलेले टाइम मशीन हे बॅकअपचे साधन पुरेसे चांगले आहे.

बॅकअपची फाइलही म्हातारी होते. एक्सपीसोबत येणारा एनटीबॅकअप हा प्रोग्रॅम विंडोज व्हिस्टातून वगळला गेला, आणि त्याने बनवलेल्या बीकेएफ फायली वाचण्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळे साधन द्यावे लागले. म्हणून कच्ची डिस्क-प्रतिमा, टार आणि झिप अशा सर्वत्र वाचता येणाऱ्या रूपांनाच पसंती द्यावी, प्रत्येकासोबत एसएचए-२५६ची मोजणी (फायलीत बदल झाला का हे ओळखू देणारी तिची ठशासारखी खूण) नोंदवावी, एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेल्या डिस्कवर ठेवावी आणि वर्षातून एकदा तरी ती प्रतिमा आभासी संगणकात सुरू करून एखादे जुने पुस्तक शेवटच्या पानापर्यंत उघडून पाहावे.